चित्राची पाटी केवढी हवी?

ग्राफिक्स कार्ड म्हटले की आजकाल कोणाच्याही डोळ्यांपुढे खेळ उभे राहतात. मोटारींच्या शर्यती, बंदुका, धूर. दुकानात गेलात तर खोक्यांवरही तीच चित्रे. पण या कार्डाचा इतिहास मागे मागे नेला, तर एका वळणावर खेळ संपतात आणि अक्षरे लागतात. तीसुद्धा इंग्रजी अक्षरे नव्हेत. एक लिपी थाई आणि दुसरी आपली देवनागरी. हा इतिहास मला रंजक वाटला. शिवाय फोटो दुरुस्त करण्यासाठी स्वस्तातले कार्ड कोणते घ्यावे, या अगदी व्यवहारी प्रश्नाचे उत्तरही त्यातच सापडले. म्हणून हा लेख.

प्रश्न विचारला तो धडगावकडच्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. तो आता स्वतः शिक्षक आहे. नर्मदाकाठच्या गावांतले जुने फोटो तो गोळा करतो. लग्नातले, होळीतले, शाळेच्या पायरीवर मुलांना बसवून काढलेले. यांतली काही गावे आज जागेवर नाहीत. सरदार सरोवरामुळे आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बुडिताच्या यादीत आली. मणिबेलीत १९९३ साली पाणी शिरले. पुढे धरणाची उंची वाढत गेली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरला. माणसे सोमावलसारख्या वसाहतींत आली, कोणी गुजरातेत गेली. घरांबरोबर सगळेच सामान येते असे नाही. जे फोटो आले, ते ओल लागलेले, एकमेकांना चिकटलेले, कोपरे कुरतडलेले.

त्याने मला फोनवर विचारले, "सर, फोटो साफ करायचेत. दुकानदार म्हणतो आधी चांगलं ग्राफिक्स कार्ड टाका, मग बघू. त्याने सांगितलेलं कार्ड माझ्या अख्ख्या कॉम्प्युटरपेक्षा महाग आहे. स्वस्तातलं कोणतं घेऊ?"

मी इतिहासाचा मास्तर. कोणते घ्यावे हे कळण्याआधी ते आले कशासाठी, हे बघायची मला सवय. तेव्हा आधी ते पाहू.

ग्राफिक्स कार्डाचे मूळ काम समजायला सोपे आहे. पडद्यावर जे दिसते ते आधी कुठेतरी लिहून ठेवावे लागते. कोणता ठिपका काळा, कोणता पांढरा, कोणता कुठल्या रंगाचा, ही नोंद ज्या स्मृतीत राहते ती कार्डाची पाटी. कार्ड ती पाटी सेकंदाला साठेक वेळा वाचते आणि पडद्यावर उतरवते. पाटी जेवढी मोठी तेवढे ठिपके आणि रंग जास्त. बाकी सगळे नंतर आले.

१९८१ साली आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला तेव्हा त्याबरोबर दोन प्रकारची कार्डे मिळत. एक फक्त अक्षरांचे. त्याची अक्षरे सुबक होती, पण ती कार्डातच कोरून ठेवलेली. जी कोरली तीच उमटणार. दुसरे रंगीत. त्यावर चित्र काढता येई, पण अक्षरे फार भरड. इंग्रजीत पत्र लिहिणाऱ्याला पहिले पुरे होते, बालखेळ खेळणाऱ्याला दुसरे. ज्याची लिपी वेगळी, त्याने काय करावे, याचे उत्तर दोन्हींकडे नव्हते.

व्हॅन सुवन्नुकुल नावाचा थाई माणूस नेमका याच अडचणीत होता. त्याला आपला डॉक्टरेटचा प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता. विकत मिळेना म्हणून त्याने स्वतःच कार्ड तयार केले आणि १९८२ मध्ये ते हर्क्युलिस या नावाने विक्रीला आले. आडवे ७२० आणि उभे ३४८ ठिपके, रंग एकच. पण प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणे पेटवता-विझवता येत होता, म्हणजे त्यावर कोणतीही लिपी उमटवता येणार होती. हिशोब करून पाहा. एका ठिपक्याला एक बिट धरला तर पूर्ण पडद्याला ३१,३२० बाइट लागतात. एवढ्याशा पाटीवर एका माणसाची मातृभाषा मावली. पुढे ते कार्ड जगभर खपले, आणि घेणाऱ्यांतल्या बहुतेकांना थाईशी काही देणेघेणे नव्हते.

आपल्याकडची गोष्ट याच दशकातली. देवनागरीची अडचण थाईपेक्षाही किचकट. वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, शिवाय जोडाक्षरे. इंग्रजी अक्षरासाठी आखलेल्या चौकटीत 'र्की' किंवा 'द्धू' कसे बसवणार? आयआयटी कानपूरमध्ये यावर काम झाले आणि जिस्ट हे तंत्र आकाराला आले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. विजय भटकर तिचे प्रमुख. आपल्याला सी-डॅक आठवते ती १९९१ च्या परम ८००० या महासंगणकामुळे. पण सामान्य कचेरीतल्या टेबलापर्यंत पोचले ते तिचे जिस्ट कार्ड. संगणकाचे झाकण उघडायचे, आतल्या खाचेत हे कार्ड बसवायचे, की इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्रॅम देवनागरी दाखवू लागत. सगळ्या भारतीय लिप्यांना एकच सांकेतिक क्रम दिलेला असल्यामुळे तोच मजकूर कळ दाबून गुजरातीत बघता येई. सीमेवरच्या आपल्या जिल्ह्यात, जिथे एकाच बाजारात मराठी, गुजराती, अहिराणी, भिली ऐकू येते, तिथे या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको. हा सांकेतिक क्रम १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून नोंदला गेला, आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी त्याच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली गेली. आज मोबाइलवर आपण मराठी लिहितो त्याचे एक मूळ त्या खाचेत बसवायच्या कार्डात आहे.

मग ते कार्ड गेले कुठे? संगणकाची ताकद वाढली आणि कार्डाचे काम प्रोग्रॅमनेच उचलले. विंडोज २००० मध्ये मराठी आणि हिंदीची सोय आतच आली. वेगळ्या कार्डाची गरज उरली नाही.

मला यातून दोन गोष्टी दिसल्या. पहिली म्हणजे ही कार्डे बाजारात काय चालते हे बघून बनली नाहीत, एका ठरावीक कामाच्या अडचणीतून बनली. दुसरी अशी की आज ज्या कामाला वेगळे कार्ड लागते, ते उद्या साध्या संगणकातच होऊ शकते. कार्ड घेणाऱ्याने या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

आता अक्षरांकडून फोटोंकडे येऊ. १९८७ मध्ये व्हीजीए आले. मोठ्या पडद्यावर १६ रंग, किंवा ठिपके कमी करून २५६ रंग. त्यात निव्वळ करड्या छटा मोजल्या तर ६४ च निघत. माणसाच्या गालावरून उजेड सावलीत कसा उतरतो हे दाखवायला तेवढ्या पुरत नाहीत, पट्टे दिसतात. खऱ्या रंगांसाठी एका ठिपक्याला तीन बाइट हवेत. १०२४ गुणिले ७६८ गुणिले ३ म्हणजे २३,५९,२९६ बाइट. नव्वदच्या दशकात एवढी पाटी असलेले कार्ड महाग होते. त्या काळी फोटोचे काम करणाऱ्याला ग्राफिक्स कार्ड खरोखर निवडून घ्यावे लागे. १९९० मध्ये फोटोशॉप आले, त्याचे वापरणारे याच गणितात अडकलेले असत.

ती अडचण सोडवली खेळांनी. १९९६ नंतर त्रिमिती खेळांची लाट आली आणि मुलांच्या हौसेवर कार्डांचे कारखाने मोठे झाले. १९९९ च्या जीफोर्स २५६ ला एनव्हिडियाने जीपीयू म्हणून बाजारात आणले. पाटी इतकी स्वस्त झाली की तिचा प्रश्नच मिटला. आज नेहमीचा १९२० बाय १०८० चा पडदा भरायला, एका ठिपक्याला चार बाइट धरून, सुमारे ८३ लाख बाइट लागतात. म्हणजे आठ एमबी. प्रोसेसरच्या पोटातच असलेले फुकटचे ग्राफिक्ससुद्धा हे काम हसत करते.

माझ्या विद्यार्थ्याच्या कामाचा हिशोब असा. चार बाय सहा इंचांचा फोटो स्कॅनरवर इंचाला ६०० ठिपके धरून घेतला तर ३६०० गुणिले २४०० म्हणजे ८६,४०,००० ठिपके. तीन बाइटने गुणा, सुमारे २६ एमबी. दुरुस्ती करताना त्याच्या दहा प्रती एकावर एक ठेवल्या तरी २६० एमबी. हे बसते संगणकाच्या मुख्य स्मृतीत. डाग पुसायचे, चिरा भरायच्या, फिकटलेला भाग गडद करायचा, ही कामे गिंपसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये होतात आणि ती बहुतेक प्रोसेसरवरच चालतात. अशा कामासाठी महाग कार्ड घेणे म्हणजे पाव किलो भाजी आणायला बैलगाडी जुंपणे.

तेव्हा पैसे कुठे घालावेत याचा क्रम मी त्याला असा सांगितला. पहिला खर्च चांगल्या सपाट स्कॅनरचा, कारण मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फोटोत चकाकी येते. दुसरा पडद्याचा. आयपीएस प्रकारचा पडदा घ्यावा, ज्यात जरा तिरके बघितले तरी छटा बदलत नाहीत. पडदाच खोटे दाखवत असेल तर दुरुस्तीही खोटी होणार. तिसरा मुख्य स्मृतीचा, १६ जीबी असावी. चौथा एसएसडीचा, आणि फोटो वेगळे जपायला एका बाहेरच्या डिस्कचा. एवढे करून पैसे उरले तर कार्ड.

मग कार्ड कोणाला लागते? ज्याच्याकडे डिजिटल कॅमेऱ्याचे कच्चे रॉ फोटो शेकड्यांनी येतात त्याला. डार्कटेबलसारखे मोफत प्रोग्रॅम आणि लाइटरूमसारखे विकतचे प्रोग्रॅम हे काम कार्डाकडून करून घेतात आणि वेळ खूपच वाचतो. त्यातही अंधारातल्या फोटोंचे कण काढणारी नवी यांत्रिक बुद्धीची साधने वापरायची असतील तर ८ जीबी स्मृतीचे कार्ड बघावे. कमी खर्चात भागवायचे तर वेगळी वीजजोडणी न लागणारी कार्डे असतात. ती मदरबोर्डाच्या खाचेतूनच वीज घेतात आणि त्या खाचेची मर्यादा ७५ वॅट. आरटीएक्स ३०५० चा २०२४ मध्ये आलेला ६ जीबीचा प्रकार ७० वॅटचा आहे, इंटेलचे आर्क ए३८० ७५ वॅटचे. आपल्याकडे हा मुद्दा महत्त्वाचा. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, धूळ असते, वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि घरचा यूपीएस छोटा असतो. कमी वॅटचे कार्ड कमी तापते, आणि वीज गेल्यावर काम जतन करायला दोन मिनिटे जास्त देते.

जुने कार्ड घेणाऱ्यांना एक सूचना. २०२१ च्या सुमारास आभासी चलन खणण्यासाठी लोकांनी कार्डे खोऱ्याने घेतली आणि भाव कडाडले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि त्यातली बरीच कार्डे जुन्या बाजारात उतरली. ती अहोरात्र राबलेली असतात. पंखा फिरतो का, दोन तास काम दिल्यावर किती तापते, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

इथपर्यंत हा हिशोबाचा विषय होता. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

२०१२ साली टोरांटोच्या संशोधकांनी खेळासाठी बनलेल्या दोन कार्डांवर एका यंत्राला चित्रे ओळखायला शिकवले, आणि स्पर्धेत बाकीच्यांना मागे टाकले. तेव्हापासून कार्डाचे काम बदलले. पूर्वी ते आपण लिहिलेली पाटी दाखवत असे. आता पाटीवर जे नाही ते अंदाजाने लिहूही लागले. पुसट चेहरा दिला की यंत्र तो ठसठशीत करून देते. पण ती माहिती येते कुठून? फोटोत ती नसतेच. यंत्राने आधी पाहिलेल्या हजारो चेहऱ्यांवरून ते डोळे, नाक, ओठ भरते. जून २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या अशाच एका प्रोग्रॅमला बराक ओबामांचा पुसट केलेला फोटो दिला गेला, तर बाहेर आला एक गोरा माणूस. साऱ्या जगाने पाहिलेला चेहरा, म्हणून चूक पकडली गेली. धडगावच्या डोंगरातल्या, पन्नास वर्षांपूर्वी वारलेल्या एखाद्या पावरा आजीच्या चेहऱ्याची चूक कोण पकडणार? तिचा फोटो एकच. नातवंडे त्या नव्या चेहऱ्यालाच आजी म्हणू लागतील.

विद्यार्थ्याच्या पिशवीत होळीचा एक फोटो होता. सातपुड्यातल्या होळीत नवस फेडणारे बावा-बुद्या अंगावर राखेची, पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी काढतात. डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू. त्याने तो फोटो मोबाइलवरच्या एका आपोआप दुरुस्त करणाऱ्या साधनाला दिला. बुरशीचे डाग गेले आणि त्यांच्याबरोबर नाचणाऱ्याच्या छातीवरचे निम्मे ठिपकेही गेले. त्याने मला दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवले. "सर, हे डाग नव्हते. ही आमची होळी आहे," तो म्हणाला. यंत्राचे काही चुकले असे मला वाटत नाही. पांढरा ठिपका म्हणजे डाग, एवढेच त्याला शिकवलेले. जसे १९८१ च्या कार्डाला इंग्रजीपलीकडे अक्षरे असतात हे शिकवलेले नव्हते, तसेच हे.

फोटोला हात लावणे ही नवी गोष्ट नाही, हेही खरे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि भाऊ दाजींचे धाकटे बंधू नारायण दाजी हे आपल्याकडच्या पहिल्या छायाचित्रकारांत गणले जातात. तेव्हापासून स्टुडिओ आले, आणि त्यांच्याबरोबर रिटचिंग करणारेही. तिरक्या काचेच्या डेस्कवर निगेटिव्ह ठेवायची, खालून आरशाने उजेड पाडायचा, आणि सुईसारखे टोक केलेल्या पेन्सिलीने देवीचे व्रण, सुरकुत्या भरायच्या. चेहरा जरा उजळ करून द्या, अशी फर्माईश तेव्हाही असे आणि ती पुरी होई. पण समोर बसलेला माणूस कोण, त्याच्या कपाळावरचे गोंदण कुठले आणि डाग कुठला, हे त्या कारागिराला दिसत असे. शंका आली तर तो विचारू शकत असे. हत्यार चार आण्यांचे, डोळा मात्र वीस वर्षांचा.

या जिल्ह्यात ही गोष्ट जास्त जपायला हवी असे मला वाटते. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार कार्ड आपल्याच टेंभली गावात रंजना सोनवणे यांना दिले गेले. त्यानंतर घराघरातला चेहरा संगणकात गेला. पण त्याआधीच्या पिढ्यांचे काय? डोंगरातल्या कितीतरी माणसांचा आयुष्यात एकच फोटो निघाला, तोही चाळीस जणांच्या घोळक्यात, नखाएवढा. जे गाव पाण्याखाली गेले त्याच्या शाळेची भिंत, मागचे महूचे झाड, बसलेल्या मुलांचे कपडे, सगळे त्या एका कागदावर आहे. त्यात जे पुसट आहे ते पुसटच दाखवणे हाही इतिहासाचाच भाग. वर्गात मी मुलांना सांगत असे की शिलालेखातले अक्षर फुटले असेल तर तिथे टिंबे द्यावीत, आपल्या मनाने शब्द घालू नये. फोटोलाही तोच नियम लागू करावा.

शेवटी त्याने कार्ड घेतले नाही. स्कॅनर घेतला आणि पडदा बदलला. प्रत्येक फोटोची न दुरुस्त केलेली प्रत टिफ स्वरूपात तशीच ठेवायची, दुरुस्ती दुसऱ्या प्रतीवर करायची आणि काय काय केले याची दोन ओळींची नोंद ठेवायची, असे ठरले. एक फोटो हाताने साफ करायला त्याला दोन-दोन संध्याकाळी लागतात. मधल्या वेळात तो फोटो घेऊन वसाहतीतल्या म्हाताऱ्यांकडे जातो आणि विचारतो, हा कोण, ती कोण, मागे दिसते ते घर कोणाचे. चाळीस जणांच्या एका घोळक्यातली एकतीस नावे त्याला अशी मिळाली. उरलेली नऊ सांगू शकणारे कोणी आहे का, याचा तो शोध घेतो आहे.

वाचकांपैकी कोणाच्या घरी असे फोटो असतील, तर संगणकाचे नंतर बघा. आधी फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, दाब न देता, माणसांची आणि गावाची नावे लिहून ठेवा. बॉलपेन वापरू नका, त्याचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. आणि नावे सांगणारे माणूस घरात असेल तर हे काम याच आठवड्यात करा.